मेअखेरीस नैनितालमध्ये सहा जणांसाठी परवडणारी खोली कशी शोधावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याहून सहा जण निघणार: तुम्ही दोघं, १२ आणि ७ वर्षांची मुलं आणि सत्तरीच्या आसपासचे आई-बाबा. मेच्या शेवटच्या आठवड्यात नैनितालला चार रात्री राहायचंय. तळ्यासमोरच्या हॉटेलांनी एका खोलीचे सात-आठ हजार सांगितले आणि तुमचा आकडा आहे दोन खोल्यांना मिळून रोजचे पाच हजार. बाबांचे गुडघे दुखतात. 'एखाद्या स्वस्त आणि स्वच्छ हॉटेलचं नाव सांगा,' असं तुम्ही विचारलंय.

नाव सांगत नाही, कारण त्याचा उपयोग होणार नाही. नैनितालमधली बरीच छोटी हॉटेलं मालक स्वतः चालवत नाहीत, लीजवर देतात. चालवणारा बदलला की त्याच पाटीखाली स्वच्छता बदलते, भाडं बदलतं आणि फोन उचलणारा माणूसही बदलतो. दोन वर्षांपूर्वी कुणाला चांगलं वाटलेलं हॉटेल आज तसंच असेल याची खात्री देता येत नाही. शिवाय तुमची अडचण हॉटेल सापडत नाही ही नाहीच. वर्षातल्या सगळ्यांत महाग आठवड्यात, सगळ्यांत महाग रस्त्यावर, चढ न चढता राहायचं, आणि तेही निम्म्याहून कमी पैशांत, ही खरी अडचण आहे. या तीन अटींपैकी एक सोडावी लागेल. बाबांच्या गुडघ्यांमुळे चढाची अट सुटत नाही. मग उरतात दोन: तारीख आणि जागा.

आधी गावाची रचना डोळ्यांसमोर आणा, म्हणजे भाडं कसं ठरतं ते कळेल. नैनिताल एखाद्या वाटीसारखं आहे. तळाशी जेमतेम दीड किलोमीटर लांबीचं तळं, चहूबाजूंनी उभे डोंगर. तळ्याचं दक्षिणेकडचं टोक तल्लीताल, तिथे बसस्टँड आहे. उत्तरेकडचं मल्लीताल, तिथे बाजार, नैनादेवीचं मंदिर आणि फ्लॅट्सचं मैदान. दोन्ही टोकांना जोडणारा पूर्व काठावरचा मॉल रोड, पश्चिम काठाला झाडीतून जाणारी ठंडी सडक. सपाट जागा एवढीच. फ्लॅट्सचं आजचं मैदानसुद्धा १८ सप्टेंबर १८८० च्या दरडीने तयार झालं. त्या दिवशी १५१ माणसं गेली. तेव्हापासून इथे बांधकामाकडे धास्तीने पाहिलं जातं, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावात बहुमजली व्यापारी आणि निवासी संकुलांना मनाई केली. ते योग्यच झालं, डोंगर तेवढा भार सोसत नाही. पण त्यामुळे खोल्या वाढत नाहीत, माणसं मात्र दरवर्षी वाढतात.

म्हणून इथल्या भाड्यात खोलीचा वाटा कमीच. जास्तीचे पैसे जातात ते चार गोष्टींना: रात्र कोणती, तळं किती जवळ, रस्त्यापासून किती पायऱ्या, आणि गाडी दारापर्यंत जाते का. पलंग, गादी, गीझर सगळं सारखंच असताना मॉल रोडवरची खोली आणि बाजाराच्या वर पाच मिनिटं चढून गेल्यावरची खोली यांच्यात दुपटीचा फरक पडू शकतो. तरुण जोडप्याला मी डोळे झाकून वरची खोली घ्यायला सांगतो. मल्लीतालच्या बाजारामागचा चढ, आयारपाट्याची बाजू, झू रोड, तल्लीताल बाजाराच्या वरचे लॉज, या सगळ्या भागांत हाच हिशेब चालतो. तुमच्यासाठी हे सगळे भाग बाद समजा. सत्तरीच्या माणसाला दिवसातून दोनदा शंभर पायऱ्या म्हणजे घरातला जिना पाच-सहा मजले दोनदा चढण्यासारखं आहे, तेही जवळजवळ दोन हजार मीटर उंचीवर, जिथे दम लवकर लागतो. पहिल्या संध्याकाळी बाबा कौतुकाने चढतील, दुसऱ्या दिवसापासून खोलीतच बसून राहतील.

आता तारीख. यात महाराष्ट्रातल्या माणसाच्या हातात एक मोठी सोय आहे आणि ती फारसं कुणी वापरत नाही. नैनितालची गर्दी मुंबई-पुण्याची नसते. ती असते दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, मुरादाबाद, बरेली, रुद्रपूर या पट्ट्यातली. दिल्लीहून नैनिताल सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे सहा-सात तासांची गाडी. त्यामुळे भाडं दिल्ली आणि उत्तर प्रदेशच्या शाळांच्या सुट्टीप्रमाणे चढतं. दिल्लीत सुट्टी साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून लागते, उत्तर प्रदेशात २० मेच्या आसपास. तिथून जूनअखेर, पाऊस धरेपर्यंत गर्दी हटत नाही. आपल्याकडे मुलं एप्रिलअखेर, फार तर मेच्या पहिल्या दोन-चार दिवसांत मोकळी होतात. म्हणजे मेचा पहिला आठवडा-दहा दिवस असे असतात की आपली मुलं सुट्टीवर आणि त्यांची अजून शाळेत. हवा तीच, तळं तेच, आणि भाडं बऱ्याच ठिकाणी खाली. १ मेला जोडून शनिवार-रविवार आला असेल तर तेवढे दिवस टाळा. तुम्हाला रजा तीन आठवडे अलीकडे घेता आली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, आणि मी पहिला आग्रह याचाच धरेन.

(उन्हाळ्याचा हट्ट नसेल तर दिवाळीची सुट्टी याहून चांगली. दसऱ्याच्या सुमारास बंगाली पर्यटकांची गर्दी असते, पण दिवाळी झाली की ती ओसरते, आकाश स्वच्छ होतं आणि स्नो व्ह्यूवरून हिमशिखरं दिसतात. मेमध्ये ती बहुतेक वेळा धुरकट हवेत लपलेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये भाडं सर्वांत कमी असतं, पण दरडी कोसळून रस्ते बंद होतात. म्हाताऱ्या माणसांना घेऊन तेव्हा जाऊ नका.)

तारीख हलवताच येत नसेल तर निदान वार हलवा. शुक्रवार आणि शनिवारची रात्र सगळ्यांत महाग, रविवारची रात्र भर मोसमातही त्यातल्या त्यात स्वस्त. रविवारी सकाळी दहा-अकराला खोल्या रिकाम्या होतात आणि दुपारभर गाड्यांच्या रांगा डोंगर उतरत असतात. तुम्ही त्याच वेळी काठगोदामहून वर चढत असाल, तर रस्ता तुमच्या बाजूने बराच मोकळा मिळतो. म्हणून चार रात्री रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार अशा धरा आणि गुरुवारी सकाळी उतरा. हा एक बदल फुकट आहे, आणि 'गुरुवार ते सोमवार' अशी सहल आखणाऱ्याला तो नेमका उलटा पडतो.

आता जागा. तळ्याकाठी राहणं म्हणजे फक्त नैनितालच्या तळ्याकाठी राहणं, असं मानू नका. नैनितालपासून ११ किलोमीटरवर भवाली आणि २२ किलोमीटरवर भीमताल आहे. भीमतालच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर नौकुचियाताल, आणि त्याच परिसरात झाडीत लपलेलं सातताल. भीमतालची उंची सुमारे १,३७० मीटर, म्हणजे नैनितालपेक्षा पाच-सहाशे मीटर कमी. तिथे दुपारी उकडतं, खोलीत पंखा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. पण तिथे तळ्याभोवती बरीच सपाट जागा आहे, गाडी बहुतेक ठिकाणी दारापर्यंत जाते, आणि बाबा सकाळी काठाने फेरी मारू शकतात. तुमच्या घरासाठी हीच बाब महत्त्वाची. भवाली म्हणजे चौकाचं, बाजाराचं गाव. तिथे तळं नाही, पण नैनितालला जायला सोयीचं आणि बरंच थंड.

भवालीबद्दल एक सावधगिरी. अल्मोड्याच्या रस्त्यावर भवालीच्या पुढे काही किलोमीटरवर कैंची धाम आहे. नीम करोली बाबांच्या या आश्रमाला होणारी गर्दी गेल्या काही वर्षांत प्रचंड वाढली आहे. शनिवार-रविवारी आणि मंगळवारी भवालीच्या चौकात गाड्या तासन्‌तास अडकतात. १५ जूनला तिथे वार्षिक भंडारा असतो, त्याच्या आगेमागे दोन-तीन दिवस या बाजूला फिरकूच नका. नकाशात दिसणारी ११ किलोमीटर त्या दिवसांत काही कामाची नसतात.

बाहेर राहिल्याने खरंच पैसे वाचतात का, हे गणित मांडून पाहा. पुढचे आकडे फक्त रीत कळावी म्हणून धरले आहेत, तुम्हाला मिळालेले भाव त्यात घाला. समजा मल्लीतालमध्ये खोली ३,५०० ला आणि भीमतालला होमस्टे २,२०० ला मिळतोय. दोन खोल्या, चार रात्री: एकीकडे २८,०००, दुसरीकडे १७,६००. फरक १०,४००. भीमतालहून नैनितालला जाऊन-येऊन टॅक्सी २,००० धरली आणि दोनदा गेलात, तर ४,००० जातात आणि ६,४०० हातात राहतात. चारही दिवस गेलात तर ८,००० जातात, उरतात २,४००, आणि रोजचे दोन-तीन तास गाडीत. म्हणजे बाहेर राहणं परवडतं ते नैनिताल एक-दोन दिवसांत उरकणाऱ्याला. रोज संध्याकाळी मॉल रोडवर फिरायचंच असेल, तर तीच रक्कम गावातल्या खोलीवर घाला.

भीमतालहून नैनितालला जाताना सकाळी सातच्या आत निघा आणि दुपारी तीन-साडेतीनला परत फिरा. मोसमात गावातलं पार्किंग भरलं की पोलीस बाहेरच्या गाड्या गावाबाहेर थांबवतात: हल्द्वानीच्या बाजूने रूसी बायपासला, कालाढुंगीच्या बाजूने नारायणनगरला. तिथून पुढे शटल गाडीने जावं लागतं. हॉटेलचं बुकिंग आणि पार्किंग दाखवलं तर सोडतात, पण दिवसभराच्या फेरीला आलेल्याकडे ते नसतं. म्हणून मुलं मोठी असतील तर सरळ भवाली-तल्लीताल शेअर टॅक्सी किंवा बस धरा. कुमाऊंमध्ये, म्हणजे नैनिताल-अल्मोड्याच्या या डोंगराळ भागात, खासगी बसगाड्यांना 'केमू' म्हणतात, स्टँडवर तेवढंच विचारलं तरी कळतं. त्या तल्लीतालला उतरवतात आणि तिथून तळं दोन मिनिटांवर आहे. आई-बाबा बरोबर असताना मात्र स्थानिक टॅक्सीच करा. संध्याकाळी मोसमात मॉल रोड काही तास गाड्यांना बंद असतो, तेव्हा टॅक्सीवाल्याला कुठे भेटायचं ते आधीच ठरवून ठेवा. तल्लीतालला भेटायचं ठरवलं तर बाबांना मल्लीतालहून तिथवर रिक्षाने आणता येईल.

राहण्याचे प्रकार कोणते, तर मी या क्रमाने शोधतो.

पहिल्यांदा घरातच विचारा. बाबा निवृत्त कुठून झाले? बँक, विमा कंपनी, रेल्वे, केंद्र किंवा राज्य सरकारचं खातं, एखादा सार्वजनिक उपक्रम: यांपैकी बऱ्याच ठिकाणी थंड हवेच्या गावांत हॉलिडे होम असतात आणि अनेकदा निवृत्तांनाही ती मिळतात. लोक नोकरीत असताना अर्ज करतात आणि निवृत्त झाल्यावर विसरून जातात. संघटनेच्या किंवा पेन्शनरांच्या गटात एक निरोप टाकून यादी मागवा. त्यात नैनिताल, भीमताल, भवाली, काठगोदाम, काहीही असेल तरी चालेल. त्यांची वाटपाची तारीख ठरलेली असते, ती चुकली की पुन्हा संधी नाही. म्हणून हे काम सगळ्यांत आधी.

दुसरं, कुमाऊं मंडल विकास निगमची पर्यटक आवासगृहं. आपल्या एमटीडीसीसारखं महामंडळ समजा. नैनितालमध्ये तल्लीताल, सूखाताल आणि स्नो व्ह्यू, शिवाय भीमताल, नौकुचियाताल, सातताल आणि काठगोदाम इथेही त्यांची आवासगृहं आहेत. फर्निचर जुनं, सेवा संथ, पण जागा मोक्याच्या, खोल्या मोठ्या, आणि भाडं आधी जाहीर केलेलं. त्यामुळे दारात गेल्यावर भाव वाढत नाही. काही ठिकाणी चार पलंगांची फॅमिली रूम किंवा डॉर्मिटरीही असते. तुमच्यासाठी सूखाताल आणि स्नो व्ह्यू नकोत, दोन्ही चढावर आहेत. भीमताल, नौकुचियाताल आणि तल्लीताल पाहा. बुकिंग फक्त निगमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून करा. शोधल्यावर सगळ्यांत वर येणारा मोबाइल नंबर निगमचा आहे असं कधीही धरू नका.

तिसरं, नोंदणी केलेला होमस्टे. उत्तराखंडमध्ये पर्यटन विभागाकडे होमस्टेची नोंदणी होते, नोंदणी क्रमांक निःसंकोच मागा. घरमालक त्याच घरात राहत असेल तर जेवण घरचं मिळतं आणि आई-बाबांना पथ्याचं काही लागलं तर सोय होते. चौथ्या क्रमांकावर हॉटेलं. युथ हॉस्टेल मल्लीतालच्या वरच्या अंगाला आहे, स्वस्तही आहे, पण ते एकट्या-दुकट्या तरुणांसाठी ठीक.

आता फोन. संकेतस्थळावरचे फोटो बघून ठरवू नका, फोन करा आणि हिंदीत नेमके प्रश्न विचारा. माझे ठरलेले प्रश्न असे.

'सड़क से कमरे तक कितनी सीढ़ियाँ हैं?' 'थोडीच आहेत' हे उत्तर चालणार नाही, आकडा मागा. एक मजला म्हणजे साधारण १८ ते २० पायऱ्या. रस्त्यापासून रिसेप्शन आणि रिसेप्शनपासून खोली, दोन्ही वेगळं विचारा, कारण डोंगरावरच्या इमारतीत रिसेप्शन सर्वांत वरच्या मजल्यावर आणि खोल्या खाली, असंही असतं. खाली उतरलेलं नंतर वर चढावंच लागतं.

'कमरे की खिड़की बाहर खुलती है या गैलरी में?' स्वस्त खोल्यांचं मर्म या प्रश्नात आहे. इमारतीची मागची भिंत डोंगराच्या संरक्षक भिंतीला, तिकडच्या भाषेत पुश्त्याला, टेकलेली असते. त्या ओळीतल्या खोल्यांना बाहेरची खिडकी नसते, हवा फक्त गॅलरीतून, म्हणजे इमारतीतल्या आतल्या बोळातून, येते. भिंतीला ओल चढते, वरून रंग दिलेला असला तरी हात लावला की गार ओलसर लागतो, आणि रजईला कुबट वास येतो. एका रात्रीत काही बिघडत नाही, पण दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या माणसाला चार रात्री तिथे ठेवू नका. शे-दोनशे रुपये जास्त देऊन बाहेर खिडकी असलेली खोली घ्या. तळं दिसायची गरज नाही, मागची झाडी दिसली तरी पुरे.

'झील दिखती है' म्हणाले तर व्हिडिओ कॉलवर खिडकीतून दाखवायला सांगा. 'लेक साइड' म्हणजे हॉटेल तळ्याच्या बाजूला आहे एवढंच, 'पार्शियल लेक व्ह्यू' म्हणजे बाल्कनीतून मान वळवल्यावर दिसतं. दोन्हींसाठी जादा पैसे देऊ नका. दिवसभर तुम्ही तळ्याकाठीच असणार आहात.

'रेट में खाना शामिल है? टैक्स शामिल है?' मोसमात पुष्कळ हॉटेलं नाश्ता आणि एक जेवण धरूनच खोली देतात. त्यांच्या भाषेत सीपी म्हणजे नाश्त्यासह, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, ईपी म्हणजे नुसती खोली. सहा जणांना दिवसभर बाहेर फिरायचं असेल तर ईपी मागा, नसेल तर सीपी. कर म्हणाल, तर सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. कुणी १२ टक्के लावत असेल तर बिल मागा.

'बारह साल के बच्चे का क्या लगेगा?' हा प्रश्न तुमच्यासाठी खास. ७ वर्षांचं मूल बहुतेक ठिकाणी आई-वडिलांच्या पलंगावर कमी पैशांत किंवा फुकट चालतं. १२ पूर्ण झालेल्याला अनेक हॉटेलं मोठ्या माणसात धरतात आणि जादा गादीचे पैसे लावतात. तुमची मांडणी अशी ठेवा: आई-बाबांना रस्त्याच्या पातळीवरची साधी डबल रूम, तुम्हा चौघांना डबल रूम आणि एक जादा गादी, किंवा चार पलंगांची खोली. तिसरी खोली लागणार नाही, आणि दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर हव्यात असा हट्टही धरू नका. खालची आई-बाबांना मिळाली, तर तुमची दोन मजले वर असली तरी चालेल, आणि वरची खोली स्वस्तही मिळू शकते.

भाव ठरला की व्हॉट्सॲपवर लेखी घ्या: तारखा, खोल्यांची संख्या, कितव्या मजल्यावर, कर आणि जेवणासह एकूण रक्कम, रद्द केल्यास किती परत. आगाऊ रक्कम एका रात्रीपेक्षा जास्त देऊ नका. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी समोर दिसणारं नाव हॉटेलच्या किंवा होमस्टेच्या नावाशी जुळतं का पाहा. जुळत नसेल तर नकाशावरच्या हॉटेलच्या नोंदीत दिलेल्या क्रमांकावर आणि शक्य असल्यास तिथल्या लँडलाइनवर वेगळा फोन करून खात्री करा. 'पाच मिनिटांत पैसे टाका, नाहीतर खोली जाईल' असं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

ॲपवरून बुकिंग करणार असाल तर दोन गोष्टी. एक, 'नैनिताल' असं लिहिलेलं हॉटेल नकाशावर ज्योलीकोटला, खुर्पातालला किंवा भवालीच्या पुढे निघू शकतं. भाव फारच चांगला वाटला की आधी नकाशावर तल्लीताल बसस्टँडपासूनचं रस्त्याचं अंतर मोजा. दोन, 'हॉटेलवर पैसे द्या' या अटीवर केलेलं स्वस्त बुकिंग भर मोसमात टिकत नाही. एकच खोली तीन-चार ॲपवर विकायला ठेवलेली असते. दोन महिन्यांपूर्वी तुम्ही ती २,००० ला घेतलेली असते आणि त्या शनिवारी दारात उभा असलेला माणूस ५,००० द्यायला तयार असतो. मग 'सिस्टममध्ये तुमचं नाव नाही' असं ऐकायला मिळतं. यावर उपाय म्हणजे बुकिंग झाल्या दिवशीच हॉटेलला फोन करून बुकिंग क्रमांक सांगायचा आणि त्यांच्याकडून 'हो, मिळालं' असा लेखी निरोप घ्यायचा. निघण्याच्या ४८ तास आधी पुन्हा फोन. त्यांनी टाळाटाळ केली तर घरी बसून दुसरी खोली शोधायला दोन दिवस हातात असतात.

रेल्वेचाही खोलीच्या खर्चाशी संबंध आहे. दिल्लीहून काठगोदामला रात्रीच्या गाडीने आलात तर पहाटे पाचच्या सुमारास उतरता. खोली मिळते दुपारी बारा-एकला. आई-बाबांना सात तास कुठे बसवणार? शेवटी अर्ध्या दिवसाचे पैसे भरून लवकर खोली घ्यावी लागते. त्यापेक्षा नवी दिल्लीहून सकाळी सुटणारी काठगोदाम शताब्दी बघा. ती दुपारी बाराच्या आत पोहोचवते, पुढचा ३४ किलोमीटरचा रस्ता धरला तर तुम्ही खोली ताब्यात मिळायच्या वेळीच दारात असता. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणून खोली आधी रद्द करता येईल अशा अटीवर धरा आणि तिकीट नक्की झालं की मग आगाऊ रक्कम भरा. उलट केलंत, तर तिकीट हातात आणि मिळेल त्या भावात खोली, अशी अवस्था होते.

एवढं सगळं धरून तुमच्यासाठी माझी मांडणी. रजा हलत असेल तर मेच्या पहिल्या दहा दिवसांत, रविवार ते बुधवार चार रात्री, सगळ्या तल्लीतालजवळ रस्त्याच्या पातळीवर. पाच हजारांत दोन साध्या खोल्या शोधल्या तर मिळायला हव्यात. रजा हलत नसेल तर मेअखेरीस रविवार ते बुधवार, चारही रात्री भीमताल किंवा नौकुचियाताल, त्यातला सोमवार नैनितालसाठी आणि बुधवार सातताल-नौकुचियातालसाठी. मंगळवारी भीमतालच्या तळ्याकाठी आराम करा, त्या दिवशी भवालीकडे जाऊ नका. मेअखेरीस मॉल रोडवर चार रात्री, दोन खोल्या, पाच हजार, हे मात्र जमणार नाही. कुणी जमवून देतो म्हणाला तर त्याला पायऱ्यांचा आणि खिडकीचा प्रश्न नक्की विचारा.

आणि एवढं करूनही दारात 'बुकिंग नाही' असं झालं, तर आई-बाबांना रिसेप्शनमध्येच बसवा, सामान हलवू नका. लेखी निरोप दाखवा आणि त्याच भावात जवळची दुसरी खोली लावून द्या असं शांतपणे, पण ठामपणे सांगा. हॉटेलवाल्यांची एकमेकांशी ओळख असते आणि लेखी पुरावा असलेल्या माणसासाठी ते बहुतेक वेळा फोन फिरवतात. ॲपवरून घेतलं असेल तर तिथूनच, त्यांच्यासमोर, ॲपच्या मदत क्रमांकावर बोला आणि पर्यायी खोली मागा. पैसे परत घेऊन बाहेर पडू नका, कारण एकदा बाहेर पडलात की तुम्ही त्या संध्याकाळच्या बाजारभावाला खोली शोधणारे आणखी सहा जण होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नंतर करता येते, त्यासाठी बुकिंगचं छायाचित्र आणि तो निरोप जपून ठेवा. बसस्टँडवर 'कमरा चाहिए?' म्हणत मागे लागणाऱ्याबरोबर जाऊ नका, त्याचं कमिशन तुमच्या भाड्यातच चढतं. काहीच नाही जमलं तर टॅक्सी करून सरळ खाली काठगोदाम-हल्द्वानीला उतरा. तिथे उकडेल, पण खोल्या मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, खोल्या रिकाम्या होत असताना, पुन्हा फोन लावता येतो.

तुमच्या तारखा आणि बाबा कुठून निवृत्त झाले ते कळवलंत, तर हॉलिडे होमसाठी कुठे अर्ज करायचा तेवढं पुढे सांगता येईल.